खंडाळ्याच्या घाटात जुनी आरएक्स का 'धरते'? इंजिनला साजेसा कार्बोरेटर निवडायचा आणि ट्यून करायचा कसा?

रविवारची सकाळ. जुन्या मुंबई-पुणे हायवेने खोपोलीतून घाट चढायला सुरुवात करा. एक्स्प्रेस वेवर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे सगळ्या बाईक याच रस्त्याने येतात. त्यात एखाद-दोन जुन्या यामाहा आरएक्स १०० हमखास दिसणार. टाकी चकाचक, सायलेन्सर नवा आणि आवाज असा की दोन वळणं आधीच कळतं, कोण येतंय.

आणि अधूनमधून त्यातलीच एखादी घाटात कडेला उभी असलेली दिसते. मालक बाजूला डोक्याला हात लावून बसलेला. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "काही नाही ओ, गाडी धरली."

गाडी धरली म्हणजे पिस्टन तापून सिलिंडरला चिकटला. इंग्रजीतला शब्द सीझ. त्यानंतर बोअर करा, नवा पिस्टन टाका, हजारोंचा खर्च. आणि चालत्या गाडीचं मागचं चाक अचानक लॉक झालं, तर विषय फक्त पैशांपुरता राहत नाही.

गंमत म्हणजे बऱ्याचदा या गाडीवर मालकाने नुकताच खर्च केलेला असतो. मोठा कार्ब, ओपन फिल्टर, एक्सपान्शन चेंबर असा सगळा सरंजाम. मग चुकलं कुठे?

तर बहुतेक वेळा चुकतं ते कार्बोरेटर निवडताना, आणि त्याहून जास्त तो ट्यून करताना. तेच आज नीट समजून घेऊ.

पहिला प्रश्न, कार्बोरेटर नेमकं करतो काय?

पेट्रोल जळायला हवा लागते. साध्या पेट्रोलच्या बाबतीत १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. इंजिनमधून जास्तीत जास्त ताकद हवी असेल तर मिश्रण थोडं गडद लागतं, म्हणजे साडेबारा ते तेरा भाग हवेला एक भाग पेट्रोल. हे प्रमाण प्रत्येक रेसला राखणं हे कार्बचं काम.

तो हे काम कुठल्याही सेन्सरशिवाय करतो. इंद्रायणीचं पात्र जिथे अरुंद होतं तिथे पाणी जोरात धावतं ना, तसंच कार्बच्या मधल्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते. या गळ्याला व्हेंच्युरी म्हणतात. हवेचा वेग वाढला की तिथला दाब कमी होतो. खाली पेट्रोलची वाटी असते, तिच्यावर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. मग तो दाब पेट्रोलला जेटमधून वर ढकलतो आणि ते तुषार होऊन हवेत मिसळतं.

म्हणजे सगळा खेळ गळ्यातल्या हवेच्या वेगावर आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की मिश्रण 'लीन' झालं म्हणतात. पेट्रोल जास्त झालं की 'रिच'. रिच गाडी धूर काढते, प्लग काळा करते, अॅव्हरेज मारते. लीन गाडी मात्र आधी मस्त हलकी पळते, आणि मग धरते.

मोठा कार्ब टाकला की पॉवर वाढते का?

गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारी समजूत हीच. आरएक्सला २० मिमीचा कार्ब आहे, मग २८ चा टाकला की गाडी उडेल.

गळा मोठा झाला की वरच्या रेसला जास्त हवा जाते, हे खरं. पण खालच्या रेसला त्याच मोठ्या गळ्यातून हवा संथ जाते. वेग नाही म्हणजे दाब पडत नाही, दाब पडत नाही म्हणजे पेट्रोल वर येत नाही. मग सिग्नलला मूठ पिळली की गाडी 'बूऽऽ' करते आणि बसते. शेजारची स्कूटर पुढे निघून जाते.

गळा किती असावा यासाठी एक जुना अंदाजी हिशेब आहे. एका सिलिंडरचं सीसी लिटरमध्ये घ्या. जास्तीत जास्त पॉवर ज्या आरपीएमला मिळते त्याने गुणा. येणाऱ्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि त्याला ०.६५ ते ०.९ च्या मधल्या आकड्याने गुणा. उत्तर मिलिमीटरमध्ये येतं.

आता आरएक्स १०० वर करून बघू. इंजिन ९८ सीसी, म्हणजे ०.०९८ लिटर. ११ बीएचपी मिळते ७,५०० आरपीएमला. गुणाकार ७३५, वर्गमूळ साधारण २७. कंपनीने दिलेला मिकुनी व्हीएम २० म्हणजे २० मिमी. याचा अर्थ कंपनीने ०.७४ हा गुणक धरला.

आता समजा पोर्टिंग करून, चेंबर लावून तुम्ही पॉवर ९,५०० आरपीएमवर नेली. गुणाकार ९३१, वर्गमूळ साडेतीस. रोजच्या वापरासाठी ०.७४ धरलं तर साडेबावीस मिमी. अगदी रेससाठी ०.९ धरलं तर साडेसत्तावीस.

म्हणजे रस्त्यावर आणि घाटात चालवायची असेल तर २२ किंवा २४ पुरे. २८ फक्त ड्रॅग स्ट्रिपवर शोभतो, जिथे मूठ एकदाच पूर्ण उघडायची असते. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' ही ड्रॅग रेस व्हायची, तिथे अंतर होतं पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. तिथल्या इंजिनची गरज वेगळी आणि दुधिवरे खिंडीतून पवना धरणाकडे जाणाऱ्या गाडीची वेगळी.

आणि इंजिन स्टॉकच असेल, पोर्टिंग काहीच केलं नसेल, तर कार्ब बदलण्यात फारसा अर्थ नाही. आहे तोच साफ करून नीट ट्यून करा. निम्म्या गाड्यांना तेवढंच हवं असतं.

चारचाकीवाल्यांसाठीही एक हिशेब. मावळात पावसाळ्यात चिखल तुडवणाऱ्या जुन्या कार्बवाल्या जिप्सीचं १,२९८ सीसीचं इंजिन घ्या. फोरस्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं. ६,००० आरपीएमला १.२९८ गुणिले ३,००० म्हणजे मिनिटाला साधारण ३,९०० लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर ८५ टक्के भरतो असं धरलं तर ३,३०० लिटर. एवढी हवा देणारा कार्ब पुरे. त्याहून दुप्पट मोठा घेतला तर चिखलात कमी रेसला गाडी मरणार.

पुण्याच्या पल्सरने काय केलं?

कार्ब म्हणजे जुनाट आणि फ्युएल इंजेक्शन म्हणजे पॉवर, असं अनेकांना वाटतं. त्यावर पुण्याच्या बजाजची ही गोष्ट भारी आहे.

२००७ मध्ये बजाजने पल्सर २२० डीटीएस-एफआय आणली. फ्युएल इंजेक्शन, २० पीएस पॉवर. पण २००९ मध्ये कंपनीने इंजेक्शन काढून कार्बोरेटरवाली पल्सर २२० डीटीएस-आय आणली. किंमत खाली आली आणि पॉवर उलट थोडी वाढून २१ पीएस झाली. 'फास्टेस्ट इंडियन' म्हणून जी गाजली ती हीच, कार्बवाली.

तिला ३२ मिमीचा यूकॅल बीएस ३२ कार्ब होता. वरचा हिशेब लावून बघा. ०.२२ लिटर गुणिले ८,५०० म्हणजे १,८७०, वर्गमूळ ४३. त्याला ०.७४ ने गुणलं की ३२. आरएक्सचा गुणक आणि हिचा गुणक एकच निघाला! एक टूस्ट्रोक, दुसरी फोरस्ट्रोक, मध्ये चोवीस वर्षांचं अंतर, तरी रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी दोघांचा हिशेब जुळला.

अर्थात इंजेक्शनचे फायदे आहेतच. हवा, तापमान, उंची बदलली की ते आपोआप जुळवून घेतं. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झाल्यावर नव्या दुचाकींमधून कार्ब जवळपास हद्दपार झाला. पण रस्त्यावर आधीच असलेल्या गाड्या कुठे जाणार? त्यांचं जुळवून घेणं आपल्यालाच करावं लागतं.

मूठ किती पिळली, त्यावर कोण काम करतं?

ट्यूनिंगमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. गाडी फुल रेसला अडकते आणि मेकॅनिक एअर स्क्रू फिरवत बसतो. त्याने काहीच होणार नाही, कारण त्या वेळी एअर स्क्रूचं राज्य नसतं.

आरएक्ससारख्या स्लाइडवाल्या कार्बमध्ये साधारण अशी वाटणी असते.

- मूठ बंद ते एक अष्टमांश: पायलट जेट आणि एअर स्क्रू.
- एक अष्टमांश ते पाव: स्लाइडचा तिरका काप, म्हणजे कटअवे. काप मोठा तर मिश्रण लीन.
- पाव ते पाऊण: सुई आणि ती ज्या नळीत खेळते तो नीडल जेट. सुईवर खाचा असतात आणि एक छोटी क्लिप. क्लिप खालच्या खाचेत लावली की सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं.
- पाऊण ते पूर्ण: मेन जेट.

या हद्दी थोड्या एकमेकांत मिसळतात, पण ढोबळमानाने हेच.

सोपी युक्ती सांगतो. मुठीच्या रबरावर एक रेघ आणि हँडलवर चार रेघा मारा, बंद, पाव, अर्धी, पूर्ण. गाडी कुठे अडकते ते रेघेवर बघा. दोषी कोण ते लगेच कळतं.

आणखी एक घोळ स्क्रूचा. बाजूचा छोटा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण लीन होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलमिश्रणाचा, बाहेर काढला की रिच होतं. दोघांचं अगदी उलट. आधी तुमच्याकडे कोणता आहे ते बघा.

ट्यूनिंगचा क्रम काय असावा?

१. आधी गळती शोधा. कार्ब आणि इंजिन यांच्यामधला रबर तडकला असेल तर तिथून चोरटी हवा आत जाते. गाडी स्लोमध्ये ठेवून त्या रबरावर थोडं पाणी मारा. आवाज बदलला तर रबर बदला. टूस्ट्रोकमध्ये क्रँकचं सील गेलं तरी हाच त्रास होतो. गळती असताना जेट बदलणं म्हणजे फुटक्या टाकीत पेट्रोल भरणं.

२. फ्लोटची पातळी. वाटीतलं पेट्रोल खाली असेल तर सगळीकडे लीन, वर असेल तर ओव्हरफ्लो. कंपनीने दिलेल्या मापाला लावा.

३. फिल्टर आणि सायलेन्सर आधी ठरवा. ओपन फिल्टर लावला की जेट वाढवावा लागतो. आज ट्यून केलं आणि उद्या फिल्टर बदलला तर सगळं परत पहिल्यापासून.

४. मेन जेट. सुरुवात मुद्दाम मोठ्या जेटने करा. फुल रेसला गाडी जड वाटली, टूस्ट्रोक घरघरायला लागली की एकेक नंबर खाली या. मोठ्याकडून छोट्याकडे, उलट कधीच नाही. कारण रिचची चूक प्लगवर भागते, लीनची चूक पिस्टनवर.

५. पायलट जेट आणि एअर स्क्रू. इंजिन पूर्ण गरम करा. स्क्रू हळू हाताने पूर्ण आत घ्या आणि साधारण दीड फेरा बाहेर काढा. मग थोडा आत-बाहेर करत रेस जिथे सगळ्यात जास्त आणि स्थिर होते तिथे थांबवा आणि स्लो परत खाली घ्या. एक फेऱ्याच्या आत किंवा अडीच फेऱ्यांच्या बाहेर जावं लागत असेल तर पायलट जेटच चुकीचा आहे.

६. शेवटी सुईची क्लिप. घाटात आणि हायवेवर मूठ सगळ्यात जास्त वेळ अर्ध्याच्या आसपास असते. म्हणजे सगळ्यात जास्त वापर सुईचाच. तरी सगळ्यात कमी लक्ष तिच्याकडे.

आणि एक नियम. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कुणालाच सांगता येणार नाही.

जेट तारेने मोठा केला तर चालतं का?

हा आपल्याकडचा लाडका जुगाड. जेट मिळत नाही म्हणून तार घालून भोक वाढवायचं.

हिशेब बघा. १ मिमीचं भोक १.१ मिमी केलं. वाटतं दहा टक्के वाढलं. पण भोकाचं क्षेत्रफळ वाढतं २१ टक्के. वर ते भोक गोल राहत नाही, त्यामुळे नंबरही कळत नाही. शंभर-दीडशे रुपये वाचवायला जाऊन सगळी मोजणी हातची जाते.

नंबरांचाही घोळ असतो. केहिनच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, १०० म्हणजे १ मिमी. मिकुनीच्या षटकोनी जेटवरचा आकडा त्यातून किती पेट्रोल वाहतं त्यावर दिलेला असतो. त्यामुळे एका कंपनीचा १०० आणि दुसऱ्या कंपनीचा १०० सारखे नाहीत. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त कॉपी कार्बमध्ये तर आकडा आणि भोक यांचा मेळ असेलच असं नाही. घेतलाच तर जेट ओरिजिनल टाका.

प्लग काय सांगतो?

महागडा मीटर नसेल तर प्लग हाच रिपोर्ट. पण स्लोमध्ये दहा मिनिटं उभी असलेल्या गाडीचा प्लग काढून काही कळत नाही. तो फक्त स्लोचा रिपोर्ट असतो.

नवा प्लग टाका. गरम इंजिनवर ज्या मुठीची तपासणी करायची ती धरून गाडी थोडा वेळ ओढा. मग एकदम क्लच दाबून इग्निशन बंद करा, चावी हँडल लॉकच्या खाचेपर्यंत जाऊ देऊ नका, आणि थांबून प्लग काढा. दुधाळ चहासारखा तांबूस रंग म्हणजे ठीक. काळाकुट्ट, ओला म्हणजे रिच. पांढराफटक किंवा त्यावर चंदेरी कण म्हणजे लीन. चंदेरी कण दिसले तर गाडी पुढे चालवूच नका, ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे.

ही तपासणी ट्रॅकवर किंवा परवानगी घेतलेल्या बंद जागेवर करायची. घाटात ट्रकच्या मध्ये नाही.

लोणावळा उंचावर आहे, मग जेट बदलायचा का?

आता मावळच्या हवेकडे येऊ.

लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटरवर. तेवढ्या उंचीवर हवा मुंबईच्या तुलनेत सहाएक टक्के विरळ. म्हणजे पॉवरही जवळपास तितकीच कमी. पण मिश्रण सहा टक्के रिच होत नाही. हवा विरळ झाली की गळ्यातला दाबाचा फरकही कमी होतो आणि पेट्रोलही थोडं कमी येतं. त्यामुळे मिश्रण रिच होतं ते तीनेक टक्केच. फार तर जेटचा एक नंबर.

खरी गंमत तापमानाची आहे. समजा मे महिन्याच्या दुपारी मुंबईत ३५ अंश आहे आणि डिसेंबरच्या पहाटे लोणावळ्यात १२ अंश. उंचीमुळे हवा विरळ झाली, पण थंडीमुळे तेवढीच दाट झाली. हिशेब केला तर दोन्ही ठिकाणची हवा जवळपास सारखीच निघते!

म्हणजे 'घाट चढलो म्हणून गाडी मरते' हे अर्धंच खरं. पनवेलला मे महिन्यात ३५ अंशांत ट्यून केलेली गाडी जानेवारीत १५ अंशांच्या पहाटे तिथूनच काढली तर हवा सात टक्के दाट मिळते. मिश्रण तीन-साडेतीन टक्के लीन. आणि तशीच ती घाटाला लागते.

घाटात काय होतं? दुसरा-तिसरा गिअर, मूठ पाऊण उघडी, वेग कमी. म्हणजे इंजिनवर पूर्ण लोड, पण त्याला गार करायला समोरून वारा नाही. लीन मिश्रणासाठी याहून वाईट जागा नाही.

म्हणून ट्यूनिंग थंडीतल्या सकाळच्या हवेवर करा. उन्हाळ्यात गाडी थोडी रिच वाटेल, चालेल.

ई-२० पेट्रोलने काय फरक पडला?

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि जुन्या गाडीवाल्यांपैकी अनेकांनी तो हिशेबातच घेतलेला नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात ई-२० पेट्रोलची सुरुवात झाली, म्हणजे २० टक्के इथेनॉल. आता ते देशभरातल्या पंपांवर पोहोचलंय. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलला १४.७ भाग हवा, तर ई-२० ला साधारण साडेतेरा.

इंजेक्शनवाली गाडी सेन्सरवर हे ओळखून पेट्रोल वाढवते. कार्बला ते कळत नाही. तो जुन्याच मापाने देत राहतो. परिणाम, साध्या पेट्रोलवर लावलेला कार्ब आज सुमारे नऊ टक्के लीन चालतो.

आता बेरीज करा. ई-२० मुळे नऊ, थंडीमुळे तीन, वर जेट न बदलता लावलेला ओपन फिल्टर. आरएक्स १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये बंद झाली, तेव्हा ई-२० नव्हतं. मग गाडी घाटात धरली तर नवल काय?

उपाय कागदावर सोपा आहे. पेट्रोलचा प्रवाह नऊ टक्के वाढवायचा. आकडा प्रवाहाचा असेल तर १०० च्या जागी ११० च्या आसपास. आकडा व्यासाचा असेल तर १०० च्या जागी १०५, कारण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं. सुईची क्लिप एक खाच खाली. आणि मग प्लग बघून खात्री करायची.

दुसरा त्रास रबराचा. इथेनॉल जुने रबर, ओरिंग आणि पाइप खराब करतं. तिसरा पाण्याचा. इथेनॉल ओलावा ओढून घेतं. लोणावळ्यात वर्षाला पाऊस पडतो चार हजार मिलिमीटरच्या घरात. तिथे गाडी जून ते सप्टेंबर उभी राहिली तर वाटीत पाणी आणि पांढरट-हिरवा थर ठरलेला. पावसाळ्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करा आणि वाटीच्या खालचा स्क्रू उघडून ती रिकामी करा. दोन मिनिटांचं काम आहे.

उतरताना पण लक्ष ठेवा

चढताना वाचलेली टूस्ट्रोक उतरताना धरू शकते. टूस्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोल आणि हवेबरोबर आत जातं. आरएक्सचा ऑइल पंप मुठीला जोडलेला असतो. घाट उतरताना मूठ बंद, पण गिअरमुळे इंजिन जोरात फिरतंय. फेऱ्या जास्त आणि ऑइल कमी.

म्हणून लांब उतारावर अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या. जुन्या रायडर्सचा हात हे आपोआप करतो. गाडी न्यूट्रल करून सोडणं हा मात्र उपाय नाही, घाटात ते जीवावर बेततं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती आणि कंपनीने दिलेली रचना यात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

सीसी आरसीवर छापलेलं असतं. त्यामुळे ब्लॉक बदलून १०० ची १३५ करणं थेट कायद्याच्या विरोधात. जुन्या गाडीला १५ वर्षांनंतर पुन्हा नोंदणी करावी लागते, तेव्हा तपासणीत हे पुढे येतंच. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न वेगळा.

आणि पीयूसीला नुसता कागद समजू नका. तिथे स्लोमध्ये कार्बन मोनॉक्साइड किती टक्के ते मोजतात. मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला मर्यादा ४.५ टक्के, त्यानंतरच्या बीएस ४ च्या आधीच्या गाड्यांना ३.५ टक्के. आकडा मर्यादेला टेकला असेल तर पायलट सर्किट रिच आहे. अगदीच शून्याला चिकटला आणि स्लो खाली-वर होत असेल तर लीन. एअर स्क्रू लावल्यावर पीयूसी काढा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. एवढ्या पैशांत असा रिपोर्ट दुसरीकडे कुठे मिळत नाही.

तर थोडक्यात काय?

इंजिन स्टॉक असेल तर कार्बही स्टॉक ठेवा. इंजिन बदललं असेल तर आधी हिशेब करा, मग दुकानात जा. गळती, फ्लोट, मेन जेट, पायलट, सुई हा क्रम मोडू नका. ई-२० चा नऊ टक्क्यांचा खड्डा आधी भरा. आणि शंका असेल तर थोडं रिच ठेवा.

आणि घाट चढताना गाडी अचानक हलकी, नेहमीपेक्षा जास्त पळणारी वाटली, आवाज बारीक झाला, मग पॉवर एकदम पडली, तर ती गाडी खूश झालेली नाही. धरायच्या आधीची ती खूण आहे. लगेच मूठ सोडा, क्लच दाबा आणि कडेला घ्या. दहा मिनिटं थांबा, एक चहा घ्या.

चहा वीस रुपयांना मिळतो. पिस्टनचं तसं नसतं.